काकांचा ब्रेक

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या सकाळच्या बसमध्ये ते काका रोज माझ्या शेजारी बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्या दिवशी मला आईशी फोनवर बोलताना ऐकून त्यांनी "पुण्याची का गं?" म्हटलं आणि थेट ऑस्ट्रेलियात नेलं. काका-काकूंनी भाड्याच्या गाडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने केलेली ट्रिप. गोष्ट रोज तीच, फक्त समुद्र रोज थोडा जास्त खवळायचा.

"असं वळण घेतलं, खाली डायरेक्ट समुद्र!" म्हणताना ते समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरायचे आणि उजवा पाय जमिनीवर करकचून दाबायचे. तोंड ड्रायव्हरचं होतं. पाय मात्र ड्रायव्हरशेजारी बसून नसलेला ब्रेक दाबणाऱ्या माणसाचा.

शेवटी मी विचारलंच, "काका, गाडी कोण चालवत होतं?"

त्यांनी दांडा सोडला.

"तिथे आपल्या इंडियासारखं डावीकडून जातात, इंडिकेटर-वायपरचे दांडेही उलट्या बाजूंना. मला तीस वर्षांची अमेरिकेची सवय. पहिल्याच चौकात इंडिकेटर द्यायला गेलो, तर कडक उन्हात वायपर सुरू झाले आणि मी उलट्या बाजूला शिरलो. तुझी काकू म्हणाली, 'उतरा.' नागपुरात जीप चालवायची ती. इथे मीच तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता."

"आणि इथे परत आल्यावर गाडी कोण चालवतं?"

काकांचा स्टॉप जवळ आला होता. बस थांबवायची दोरी ओढून ते उठले.

"तुला काय वाटलं, मी बसने हौसेने येतो?"