आप्पांचं पथ्य

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी विषाणू हाताळते, हे घरी सांगायचं मी टाळलं होतं. नाहीतर आईने मला अंगणातच अंघोळ घातली असती. 'साखरेच्या आजारावर काम करते' एवढंच सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

आमच्या विषाणूतून रोग करणारा भाग काढून टाकलेला असतो. उरतं ते टरफल आणि पेशीत शिरायची विद्या. त्यात हवा तो जनुक भरायचा आणि ताटलीत वाढवलेल्या स्नायूंच्या पेशींवर सोडायचा. तो आत शिरतो आणि पेशीच्या स्वतःच्या जनुकांत ठाण मांडतो. पाहुणा म्हणून आलेला घरजावई होऊन बसावा, तसा. मग पेशी त्या जनुकाचं प्रथिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवत राहते. आमचा जनुक साखर आत घेणारी दारं वाढवणारा होता. एकदा बसलेला जनुक बाहेर काढता येत नाही, याची मला अधूनमधून भीती वाटते. म्हणून ताटलीतलं ताटलीतच ठेवायचं, हा आमचा पहिला नियम.

पुष्कळदा फसल्यावर एकदाच्या पेशी जनुकासोबत जोडलेल्या खुणेने हिरव्या चमकल्या, म्हणजे जनुक आत बसला, आणि त्यांच्याभोवतीच्या द्रवातली साखर भराभर कमी झाली. मला राहवेना. मी मुखेडला आप्पांना फोन लावला. माझ्या वडिलांचं तिथे भांड्यांचं दुकान आहे, आणि मधुमेह माझ्या जन्माआधीपासूनचा. लिंगपूजा झाल्याशिवाय चहा न घेणारा हा माणूस, पूजेनंतर इन्सुलिनची सुईही तेवढ्याच निष्ठेने टोचून घ्यायचा.

"साखर उतरली आप्पा," मी म्हणाले. "जमलं एकदाचं."

ते म्हणाले, "लई चांगलं झालं बाई." त्या दिवसापासून दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला, आणि साखरेच्याच आजाराने गांजलेल्या समोरच्या शिंप्याला, ते लेकीच्या औषधाची गोष्ट ऐकवू लागले.

त्यानंतरचे फोन मला आवडेनासे झाले. आई म्हणायची, "त्यांना लई तहान लागून राहिली." पुढे म्हणाली, सदरे अंगावर लोंबायलेत. आप्पा मात्र खुशीत. "हलकं वाटून राहिलंय," म्हणायचे. मधुमेहाच्या माणसाला उगीच हलकं वाटू लागलं की मला घाम फुटतो. सुई घेताय ना, असं विचारलं तर म्हणाले, "तू तुझं काम कर. माझं मी बघून राहिलो." मी रागाने फोन ठेवला आणि पहिली एसटी धरली.

घरात पाऊल टाकताच वास आला. आई म्हणाली, उंदीर मेलाय कुठंतरी, कालपासून शोधून राहिले. वास आप्पांच्या पायाला गुंडाळलेल्या फडक्यातून येत होता. अंगठा काळा पडला होता, आणि तो दुखतही नव्हता. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या कुप्या सीलसकट तशाच उभ्या होत्या.

"का बंद केलं?" माझा आवाज चढला.

"तुझं औषध यायचंय म्हणून," ते शांतपणे म्हणाले. "एका औषधावर दुसरं चालत न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे कावीळ झाली की झाडपाला देणाऱ्याकडे जातात. तो आधी दवाखान्याच्या गोळ्या बंद करायला लावतो. अंग कोरं नसेल तर औषध लागू पडत नाही म्हणतो. आप्पा माझ्यासाठी अंग कोरं करत होते. बापाने पोरीवर एवढा विश्वास टाकावा, याचा आनंद व्हायला हवा होता. मला त्यांचा भयंकर राग आला.

त्याच दिवशी आप्पांना लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं. अंगठा गेलाच, म्हणाले. पाय वाचतो का बघू. पण आधी साखर खाली आली पाहिजे, नाहीतर माणूसच हातचा जाईल. आत नर्स इन्सुलिन घेऊन उभी, आणि आप्पांनी सदऱ्याचं टोक पोटावर मुठीत आवळून धरलेलं.

"एवढे दिवस पाळलं," ते मला म्हणाले. "आता सुई घेतली तर पथ्य मोडल. तू तुझं आण."

नर्सच्या हातातलं हेच माझं औषध, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण उद्या पुन्हा तेच खोटं, परवा पुन्हा तेच. मी त्यांच्या उशाशी बसले.

"आप्पा, माझं औषध न्हाईच. ताटलीतल्या पेशी हायत त्या. माणसाला द्यायचं काही बनलेलंच न्हाई. बनेल की न्हाई, मलाबी ठाव न्हाई."

"तू म्हणलीस, साखर उतरली."

"ताटलीतली उतरली."

ते रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी मूठ सोडली. नर्सने पोटावर सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. आजच्यापुरतं तरी निभावलं, असं वाटून मी पाणी प्यायला उठले.

मागे खाट करकरली. आप्पा उठून बसायला धडपडत होते.

"फोन दे," ते म्हणाले. "समोरच्या शिंप्यानंबी सुई सोडलीय. मीच सांगितलं त्याला."