अर्धी गाडी शालूताईची

शालूताई गेल्याचं मला गफ्फारचाचांनी कळवलं. मी नांदेडला शाळेत होते, शेवटचा तास नुकताच सुटला होता. "बेटी, तुझ्या अण्णांच्यानं बोलवंना, म्हणून मी फोन लावला," एवढं म्हणून ते थांबले... मीच विचारलं, "ताई?" ते म्हणाले, "व्हय." दुपारी जेवून जरा आडवी झाली होती, ती उठलीच नाही. गफ्फारचाचा आमच्या नात्यातले नाहीत. त्यांचा ढाबा कनेरगाव नाक्यावर आणि आम्ही कळमनुरीचे. लेक गेल्यावर अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पहिला फोन त्यांना का लावला, हे भेटायला येणाऱ्यांना सांगता सांगता आमच्या घरात सुतकातसुद्धा लोक हसले. कारण ताईची आणि चाचांची मैत्री झाली ती गाडी चालवताना, आणि दोघांपैकी एकालाही खरी गाडी चालवता येत नव्हती.

ताई माझ्याहून मोठी. कळमनुरीत ती ब्लाउज शिवायची आणि तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या हातचा ब्लाउज घालून मांडवात उभ्या राहिल्या असतील. स्वतः लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "माप जुळलं न्हाई." तिच्या हाताला सतत काहीतरी काम लागायचं. गप्पा मारताना हुक लावायची, टीव्ही बघताना काज करायची. अशा बाईच्या किडन्या गेल्या आणि डायलिसिससाठी ठरल्या वारी हिंगोलीला जाणं सुरू झालं. रक्त मशीनमधून शुद्ध होऊन परत येईपर्यंत सुया टोचलेला डावा हात हलवायचा नाही. सुरुवातीला फोनवर म्हणाली होती, "वरचा पंखा मला आता तोंडपाठ झाला गं." म्हणून मी घरात पडून असलेला टॅब तिला नेऊन दिला. वाटलं, भजनं ऐकेल, मालिका बघेल. तिनं त्यात गाडी चालवायचा एक गेम शोधून काढला. डोंगरातला रस्ता, खाली नदी, आणि लाल रंगाची गाडी.

अडचण अशी की गेमला दोन्ही हात लागायचे. पडद्याच्या डाव्या बाजूला गाडी वळवायचे बाण, उजव्या बाजूला गॅस आणि ब्रेक. ताईचा उजवा हात तेवढा मोकळा. बाण दाबले की गाडी थांबायची, गॅस दाबला की कठड्याला धडकायची. तिच्या उजव्या हाताच्या खाटेवर गफ्फारचाचा असायचे. त्यांच्या सुया उजव्या हातात, डावा मोकळा. बरेच दिवस ते नुसते बघत होते. मग एकदा त्यांना राहवलं नाही. "बेटी, तू नुसती वळव, बिरेक मी सांभाळतो." जेवणाची ट्रॉली दोन खाटांच्या मधे ओढून त्यावर टॅब ठेवला गेला, आणि तेव्हापासून त्या दोघांची मिळून एक गाडी झाली. चाचा म्हणायचे, "जिंदगीभर ढाब्यावर ट्रकवाल्यांना चहा पाजला, गाडी आज हाती आली. ती बी अर्धी." भांडणंही व्हायची. "चाचा, वळणावर गॅस काहून देता?" "अगं, मागून गाडी येऊन राहिली." "ती खोटी हाय." "खोटी असली म्हणून काय झालं, तिला बी जायचं असंल."

हे सगळं अण्णांना मुळीच पटत नव्हतं. अण्णांची हळद आणि सोयाबीन, आणि दिवस उगवल्यावर बसलेला माणूस त्यांना बघवत नाही. ताईला सोबत म्हणून ते प्रत्येक वेळी एसटीनं जायचे आणि दारापाशी बाकड्यावर बसून नामस्मरण करायचे. "नामदेव महाराजांच्या मुलखातली तू. अभंग म्हण. हे काय लेकरावानी वेळ वाया घालवून राहिली?" ताई चिडली नाही. म्हणाली, "अण्णा, हा वेळ माझा कुठं हाय? तो मशीनचा हाय. त्यात मी जरा हसले तर मशीनचं काय जाते?" अण्णा परत बाकड्यावर जाऊन बसले, पण पटलं म्हणून नव्हे. घरी येऊन आईला म्हणाले, "बुढ्या मानसाला बी बिघडवलं तुझ्या पोरीनं."

मग ती दुपार आली. अण्णांनी मला ती इतक्या वेळा सांगितली आहे की मीच तिथं होते असं वाटतं. गाडी नदीकाठच्या वळणावर होती. चाचा म्हणाले, "बेटी, वळव." गाडी सरळच गेली. "अगं वळव की," म्हणत त्यांनी मान वळवून पाहिलं, तर ताईचा हात ट्रॉलीवरून खाली लोंबत होता, कपाळावर घाम आणि डोळे मिटलेले. चाचांनी हाक मारली, "सिस्टर, लवकर या, बेटी वळवून न्हाई राहिली." सिस्टर धावल्या, डोक्याकडची बाजू खाली केली, सलाईन दिलं. रक्तदाब एकदम उतरला होता. सिस्टरना ते लगेच दिसलंच असतं, त्या फेरी मारतच होत्या. पण आधी दिसलं ते चाचांना. ताईनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुठं हाय?" चाचा म्हणाले, "डोंगरात घुसली. राहू दे तिथंच." सगळा वॉर्ड हसला. दारात उभे असलेले अण्णाही हसले, आणि मग उपरण्यानं डोळे पुसत बाहेर गेले.

त्यानंतर अण्णांनी मत बदललं असं काही जाहीर केलं नाही. आजही ते त्याला टाइमपासच म्हणतात. फक्त हिंगोलीला निघायच्या दिवशी सकाळी टॅबचं चार्जिंग झालं का, हे तेच बघायला लागले. आणि चाचांसाठी आईच्या हातचे धपाटे जायला लागले.

मी शिक्षिका. पालकसभेत मोबाइलवरच्या खेळांचा विषय निघतोच, आणि माझं उत्तर तयार असायचं, मोबाइल काढून घ्या. आता मी आधी विचारते, "कुणासोबत खेळतो तो?" सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यात मिळतात असं नाही. तासन्‌तास एकटं पडद्यात डोकं घालून बसणारी पोरंही मला दिसतातच. पण आमच्या ताईला शेवटच्या काळात जे खळखळून हसू मिळालं, ते त्या लाल गाडीत मिळालं, हे मी कसं नाकारू...

तेरावं झालं. पाहुणे गेले. चाचांच्या पुढच्या डायलिसिसच्या दिवशी सकाळी अण्णांनी टोपी घातली, टॅब पिशवीत टाकला आणि हिंगोलीच्या गाडीत जाऊन बसले. आईला वाटलं, चाचांना देऊन टाकायला निघाले असतील. संध्याकाळी टॅब घेऊनच परत आले. "गफ्फारभाईला एकट्याला जमंना," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर वारी जातात. चाचांच्या डाव्या अंगाला स्टूल टाकून बसतात आणि बाण दाबतात.

गेल्या आठवड्यात मी कळमनुरीला गेले होते. दिवेलागणीला अण्णा आले, पाय धुतले आणि आईसमोर पाटावर बसून म्हणाले, "आज गाडी नदीत गेली."

आई शेंगा सोलत होती. वर न बघता तिनं विचारलं, "कोण वळवत होतं?"

"मीच. शालू असती तर गेली नसती."

आईनं हातातली शेंग सावकाश सोलली, दाणे ताटात टाकले.

"पुढच्या वारी जरा दमानं वळवा," ती म्हणाली.