सा दुसऱ्या बोटाखाली

हुनतुनच्या, म्हणजे रश्शात उकडायच्या पुरचुंड्यांच्या, चाळीस पाऱ्यांपैकी सतरा भरून मिटल्या आणि मेइदीने हात पुसले. रानभाजी-टोफूचं सारण वाडग्यात तसंच राहिलं. खुंटीवरची अरहू काढून तिने मांडीवर घेतली. दोन तारा, त्यांच्या मधोमध अडकलेला गज, खाली सापाच्या कातड्याने मढवलेली डबी. तीस वर्षांची संगत.

कुआनयिन देवीचा जन्मदिवस चार दिवसांवर आला होता. त्या दिवशी देवळापुढच्या मंडपात होउताईंनी गायचं आणि मेइदीने साथ करायची, हा कित्येक वर्षांचा नेम. होउताई आता एकाहत्तरच्या. गेल्या आठवड्यात वरच्या सुरापाशी त्या थांबल्या, खोकल्या आणि म्हणाल्या, "पडसं झालंय. यंदा राहू दे. गाण्यांची वही सुनेला देऊन टाकते, गरम पातेल्याखाली ठेवायला."

पडसं कसलं! आवाज एका सुराने खाली उतरला होता, हे मेइदीच्या कानाला केव्हाच कळलं होतं. पण गाणाऱ्याला तोंडावर 'खाली गा' म्हणू नये, अशी मंडपाची रीत. आणि वही एकदा पातेल्याखाली गेली की संपलंच.

मेइदीने आधी सोपा मार्ग धरला. खुंट्या पिळून दोन्ही तारा सैल केल्या. गज ओढताच पेपराआडून नवरा, शौगेन, म्हणाला, "मांजर कधी पाळलंस? त्याचा घसा बसलाय."

"तारा सैल केल्यात."

"मला कर की सैल. लग्नापासून ताणलेला आहे."

"तुम्ही सैलच आहात, म्हणून तर आवाज नाही," म्हणत तिने तारा पुन्हा चढवल्या. आता खालची पट्टी बोटांनीच शोधायला हवी होती.

आजवर तिने एकच पट्टी वाजवली होती. आतली मोकळी तार म्हणजे सा, बाहेरची म्हणजे प. आता तीच आतली तार रे झाली, बाहेरची ध. पहिलं बोट जागच्या जागी, दुसरं मात्र सवयीने लांब पडायचं. ते पहिल्याला चिकटवावं लागे. तिसऱ्या बोटाखाली सापडणारा वरचा सा दुसऱ्याखाली येऊन बसला होता. मेइदीला हसू आलं. तार तीच, हात तोच, नि घरात सगळ्यांच्या जागा बदललेल्या! ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. खाली येता येता रे लागला आणि तार संपली. खालचा सा या वाद्यात नव्हताच. आणि होउताईंचं गाणं तर नेमकं तिथेच येऊन संपतं. मग तिथे काय करायचं? तीन दिवस पलटे घोटले, तरी याचं उत्तर मिळालं नाही.

जन्मदिवशी उदबत्ती लावून ती मंडपात गेली. होउताई लांबच्या बाकावर बसल्या होत्या, गळ्याला मफलर.

"ताई, माझं दुसरं बोट आखडलंय," मेइदी म्हणाली. "वरच्या पट्टीत पोचतच नाही. एक सूर खाली घेऊन मला सांभाळून घ्याल?"

"आखडलेलं बोट खालच्या पट्टीत बरं चालतं?"

"तिथे पहिल्याच्या आधाराला बसतं."

होउताईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग मफलर सोडला. "चल. तुझ्यासाठी हं."

वरचा सूर अलगद लागला. शेवटी मेइदीचा गज रेवर आला, खाली जागा नव्हती, म्हणून ती वरच्या सावर जाऊन थांबली. होउताई मात्र एकट्याच खाली उतरल्या. तो जाड, गुळाच्या पाकासारखा सूर त्यांच्या गळ्यात होता, हे मंडपात कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुधा त्यांनाही नसावं. गाणं संपल्यावर त्या गळ्याला हात लावून बसल्या होत्या.

"बोटाला आल्याचा शेक दे," निघताना त्या म्हणाल्या. "आणि अजून एक सूर खाली आखडतं का, बघून ठेव."

"आणि वही?"

"सुनेकडून परत मागायला हवी."

मेइदी हसत हसत घराकडे वळली. त्या दिवशी उघड्या राहिलेल्या तेवीस पाऱ्या वाळून कडकडीत झाल्या होत्या, आणि होउताईंना आज रात्री जेवायला बोलावलं होतं. वाटेत बाजारातून चाळीस ताज्या पाऱ्या घ्यायच्या होत्या.