पायरीला लावलेला रॅम्प

शेजारच्या फ्लॅटमध्ये सुतारकाम निघालंय आणि ताज्या कापलेल्या प्लायवूडचा वास सकाळपासून घरात भरून राहिलाय. लहानपणी कोल्हापूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीत स्केटबोर्ड असलेला मी एकटाच, त्यामुळं खेळायलाही एकटाच. एका मे महिन्यात कपाटाच्या उरलेल्या फळ्या ठोकून मी अंगणात छोटा रॅम्प केला आणि कुणीतरी बघायला येईल म्हणून त्याच्याशेजारी बसून राहिलो. पलीकडच्या काकू तेवढ्या थांबल्या. "गाडी चढवाय केलास व्हय? झकास झालाय की!" संध्याकाळी बाबांनीही तो उचलून सरळ पायरीला लावला आणि स्कूटर थेट सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत चढवली. "बरं केलंस लेका, रोज कंबर धरत हुती." ते इतके खूश होते की मला खरं सांगवेना. स्केटबोर्ड माळ्यावर गेला. मग रोज संध्याकाळी चाकांखाली फळी खडखडायची आणि आतून आई बाबांना विचारायची, "आलासा व्हय?" आता बाबा नाहीत, स्कूटरही विकली. परवा घरी गेलो तेव्हा माळ्यावरून स्केटबोर्ड काढला आणि कुणी बघत नाही असं पाहून एकदाच रॅम्पवरून उतरलो. फळी खडखडली, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आलासा व्हय?"