सगळ्यांना ओळखणारी

माझी बायको जगातल्या प्रत्येक माणसाला ओळखायची. म्हणजे तसं ती सांगायची. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा एक दारुडा आत शिरला आणि थेट पंगतीत बसला. कार्यकर्त्यांनी त्याची कॉलर धरली, कोणाबरोबर आलास म्हणून. ही वाढता वाढता म्हणाली, "सोडा त्याला, माझ्या ओळखीचा आहे." तो दारुडासुद्धा चकित होऊन तिच्याकडे बघत बसला. नंतर मी विचारलं, कोण गं तो? म्हणाली, "मला काय माहीत. मोदक आवडले त्याला."

मंडळातल्या जुन्या लोकांना ती आठवत असेल. बंगाली होती, मराठी माझ्या आईकडून शिकली आणि आईसारखीच ठणकावून बोलायची. मी इकडे बंगालात, गार्डन रीचच्या गोदीत जहाजाच्या कामावर वेल्डर होतो. आमच्या गल्लीत तिला सगळे बौदी म्हणत, म्हणजे वहिनी. पोलीस कोणाला धरून न्यायला लागले की पोरं आधी बौदीला हाक मारायची.

मी इस्पितळात हर्नियासाठी पडलो होतो, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बेवारशी म्हातारा होता. नर्सने विचारलं, याचं कोणी आहे का? ही लगेच पुढे. "आमचेच आहेत." तो चौथ्या दिवशी गेला. पोटाला टाके असताना मी त्याच्याबरोबर स्मशानात. तिथल्या माणसाने विचारलं, तुम्ही कोण यांचे? मी म्हणालो, माझ्या बायकोला विचारा, मला अजून कळलेलं नाही. घरी येऊन मी खूप बोललो तिला. तिने ऐकून घेतलं आणि मला पेज वाढली.

"मी ओळखत नाही" हे शब्द तिने कधी तोंडातून काढले नाहीत. मला वाटायचं, वेडी आहे. वेड कुठून आलं ते फार उशिरा कळलं, आणि तेव्हापासून माझं डोकं जे तापलं आहे ते ती गेल्यावरही थंड होत नाही.

तिचा बाप शेवटची काही वर्षं आमच्याकडे होता. बजबजच्या ज्यूट मिलमधलं काम सुटलेला, दम्याने बेजार. त्याचं सगळं अंथरुणात. ही सगळं करायची. दिवाळीनंतर त्यांची भाऊबीज येते, भाईफोंटा. बहीण डाव्या करंगळीने भावाच्या कपाळाला चंदन लावते. भाऊ लांब असला तर त्याच्या नावाने भिंतीला लावतात. ही दरवर्षी आमच्या दाराच्या चौकटीला लावायची, तिच्या दादासाठी. आणि दरवर्षी म्हातारा खाटेवरून म्हणायचा, "ज्याला ओळख दिली नाहीस, त्याला चंदन कशाला लावतेस?"

एका वर्षी मी उठलो. म्हाताऱ्याला गादीसकट बाहेर ठेवणार होतो. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लावलं आणि सांगितलं.

एकाहत्तर साल. बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. लष्कर गावोगाव हिंदूंची घरं शोधत फिरत होतं. ही सात वर्षांची, तापाने फणफणलेली. बापाने घरच्यांना होडीत घातलं आणि हिला शेजारच्या मुसलमान बाईकडे ठेवून निघाला. त्या बाईने हिला आपल्या पोरीचा फ्रॉक घातला आणि सांगितलं, आजपासून तू माझी. ती बाई नसती तर मला बायको नसती. होडी गावाबाहेर गेली तेव्हा बापाला आठवलं, दागिन्यांची पेटी राहिली. चौदा वर्षांच्या पोराला परत पाठवलं. मुलीला आणायला नाही. पेटी आणायला.

पोरगा पेटीकडे गेलाच नाही. आधी बहिणीला बघायला आला. शिपायांनी दारातच धरला. ही खिडकीतून बघत होती. तो ओठ न हलवता त्या दोघांच्या लपाछपीच्या खेळातल्यासारखी मान हलवत होता, नाही, नाही. शिपायाला म्हणाला, मी पाणी प्यायला आलो, हे घर माझ्या माहितीचं नाही. मग त्यांनी हिला बाहेर आणलं. कोण हा? ही म्हणाली, मी ओळखत नाही. त्याला घेऊन गेले. पुन्हा कोणाला दिसला नाही. युद्ध संपल्यावर ही बापाकडे पोचली, तेव्हा हिनेच त्याला हे सांगितलं.

सात वर्षांच्या पोरीसमोर बंदूक धरून नाती विचारणाऱ्यांना मी रोज शिव्या देतो. इथे छापता येणार नाहीत. पण बापाचं काय? त्याने उभ्या जन्मात पेटीचं नाव काढलं नाही. बोट दाखवलं ते पोरीकडे.

मी म्हणालो, आत्ता जाऊन सांगतो त्याला.

"सांगायचं नाही. त्यांना सगळं माहीत आहे. तोंडावर ऐकलं तर मरतील."

"मरू दे."

"दोष कुठेतरी ठेवावा लागतो," ती म्हणाली. "माझ्याकडे जागा होती." आणि म्हाताऱ्यासाठी पाणी गरम करायला गेली.

ती गेली, तेव्हा तेराव्याला तिचा चुलतभाऊ आला. फोटोला हार घातला आणि लोकांना सांगायला लागला, "बिचारी. सख्ख्या भावाला ओळख दिली नाही, शेवटपर्यंत मनाला लागून होतं." गच्चीवर पंगत बसत होती. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ताप, होडी, पेटी, सगळं. तो म्हणाला, "जामाईबाबू, काकाही गेले. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." मी म्हणालो, तू आत्ता काय करत होतास?

तेवढ्यात आचारी आला. "यांना कुठे बसवू?"

मी म्हणालो, "मी या माणसाला ओळखत नाही."

तो चपला घालून निघून गेला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग मी खाली घरात आलो आणि चौकट दिसली. चंदनाचे डाग, एकावर एक. आमच्या घरात हे वाक्य कधी कोणी बोललं नव्हतं.

शिव्या देतच मी रस्त्यावर गेलो. तो बसस्टॉपवर उभा होता.

"चल, जेवून जा."

"तुम्ही तर ओळखत नाही म्हणालात."

"मी नाहीच ओळखत. ती ओळखायची."

तो आला. मी समोर उभं राहून वाढलं. राग तसाच होता, अजून आहे. त्याने दोनदा भात मागितला. दोनदा वाढला.