कड स्वच्छ येईपर्यंत

मॅडमनी गाठीच्या वरच्या अंगाला पहिला टाका घातला आणि दोऱ्याची टोके आखूड ठेवायला सांगितली. मग बाहेरच्या अंगाला, काखेच्या दिशेने, दुसरा टाका घातला. तेवढ्यात आत एक बारीक रक्तवाहिनी सुटली. मॅडमची नजर तिकडे गेली. सिस्टर एस्तेर यांनी कात्री घेतली आणि दुसऱ्या दोऱ्याची टोकेही पहिल्याइतकीच आखूड, अगदी नेटकी कापली.

रक्त थांबले. स्तनातली गाठ, तिच्याभोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट, बाहेर आली. डबीत बसली आणि खालच्या मजल्यावर मोमीन सरांकडे गेली. मोमीन सर आमचे पॅथॉलॉजिस्ट. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. एका मदतनीस सिस्टरने तो स्पीकरवर लावला.

"गाठ एका बाजूला शाईला टेकलीय," सर म्हणाले. "पण वत्सलाबाई, दोन्ही दोरे सारखेच आहेत. बाजू कुठली म्हणू?"

मी भिंतीला लागून उभी होते.

डॉ. वत्सला निंबोरे यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या कार्यावर लिहायला सांगितले. मी डॉक्टर नाही. मराठीची एम. ए. आहे आणि मॅडमच्या रुग्णालयात रुग्णांना त्यांचा आजार आणि त्यांचे ऑपरेशन सोप्या भाषेत सांगणे हे माझे काम आहे. त्यामुळे मॅडमच्या सर्व शस्त्रक्रियांचा आढावा घेण्याऐवजी मी एकच ऑपरेशन सांगते. मला मॅडम जितक्या कळल्या, तितक्या त्यात आहेत.

आमची ओळख कागदावरून झाली. मी तेव्हा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मॅडम प्राचार्यांकडे आल्या होत्या. त्यांच्याकडे रुग्णांसाठीचे एक माहितीपत्रक होते, कुणीतरी इंग्रजीवरून केलेले. प्राचार्यांनी ते माझ्याकडे दिले. मी तिथेच बसून पेन्सिलीने निम्मी वाक्ये खोडली. मॅडमनी उरलेले दोनदा वाचले आणि विचारले, अर्थ सगळा राहिला ना? मी म्हणाले, राहिला. "मग तुम्ही आमच्याच व्यवसायातल्या," त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्याकडे आहे.

त्या वाक्यात त्यांची शस्त्रक्रिया आहे, हे मला नंतर समजले. नगर जिल्ह्यात एके काळी स्तनाच्या कर्करोगाला एकच उत्तर होते: सगळा स्तन काढणे. मॅडम मुंबईहून शिकून परत आल्या आणि जिथे शक्य असेल तिथे गाठ तेवढी काढू लागल्या. त्यात खरी परीक्षा कडेची असते. काढलेल्या भागाच्या प्रत्येक अंगाला पॅथॉलॉजिस्ट वेगळ्या रंगाची शाई लावतात आणि मग त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोगाच्या पेशी शाईपर्यंत पोहोचल्या नसतील तर कड स्वच्छ. पोहोचल्या असतील तर त्या बाजूला रोग आत राहिलेला असू शकतो. तिथून आणखी घ्यावे लागते. कुठला रंग शरीरातल्या कुठल्या दिशेचा, हे दोऱ्यांवरून कळते. आखूड म्हणजे वर, लांब म्हणजे बाहेर. बाकीच्या दिशा त्यावरून लागतात.

त्या दिवशी टेबलावर ज्या होत्या, त्यांना मी कांताबाई म्हणते. हे नाव त्यांनीच सुचवले. जाऊबाईंचे नाव मात्र अजिबात बदलू नका, अशीही त्यांची सूचना आहे. कांताबाई श्रीगोंद्याजवळ साखर कारखान्याच्या रस्त्यावर खानावळ चालवतात. उजव्या स्तनात गाठ होती. मॅडमनी त्यांना आणि मंदाबाईंना, म्हणजे जाऊबाईंना, समोर बसवून दोन्ही मार्ग सांगितले. सगळा स्तन काढणे हा एक. गाठ काढून पुढे रेडिएशन घेणे हा दुसरा. तुमच्या गाठीच्या बाबतीत आयुष्याच्या हिशेबाने दोन्हींत फरक नाही, कडा मात्र स्वच्छ यायला हव्यात, असे त्या म्हणाल्या. मंदाबाईंचे मत तयार होते. सगळंच काढा, मागं झंझट नको.

"तुजं न्हाई ना काढायचं," कांताबाई म्हणाल्या. मग मॅडमकडे वळून, जरा हळू आवाजात: "जमत असंल तर राहू द्या. माजं हाय ते."

मॅडमनी एवढेच सांगितले की जमवायचा प्रयत्न करू, आणि नाही जमले तर तसे तोंडावर सांगू.

माझ्याकडेही कांताबाईंनी एक मागणी केली. भूल दिल्यावर आपल्याला काही दिसणार नाही, तेव्हा आपल्या वतीने कुणीतरी बघायला हवे, आणि नंतर खरे सांगायला हवे. मॅडमनी लगेच होकार दिला. म्हणून मी त्या भिंतीशी होते.

मॅडमची आणखी एक पद्धत इथे सांगायला हवी. ऑपरेशनच्या सकाळी, भूल देण्याआधी, त्या रुग्णाला ताठ बसवतात आणि स्तनावर पेनने खुणा करतात. आडवे झाल्यावर सगळे सरकते, म्हणून. खुणा करताना रुग्णाशी बोलत राहतात. कांताबाईंनी खाली वाकून रेघा पाहिल्या आणि जमिनीची मोजणी करायला आलेला माणूस असाच चुना मारतो, असे म्हणाल्या. मॅडम इतक्या हसल्या की एक रेघ वाकडी गेली. ती पुसून पुन्हा काढावी लागली.

तर फोन. मॅडमनी सिस्टर एस्तेर यांच्याकडे पाहिले. एस्तेर आमच्याकडे नव्या होत्या; त्याआधी त्यांनी बाळंतपणाच्या विभागात अनेक वर्षे काढली होती. तिथे टाक्याचे टोक लांब राहणे हा गबाळेपणा समजतात. त्यांच्या हाताने सवयीने, आणि चांगल्या सवयीने, ते कापले होते. हे लक्षात येताच मास्कच्या वर त्यांचे डोळे भरून आले.

मॅडमचे सहायक डॉ. शेळके म्हणाले की आकारावरून अंदाज बांधता येईल. बहुधा वरचीच बाजू असावी. तेवढीच आणखी घेतली तर काम होईल. फोनवर मोमीन सरांनाही तसेच वाटत होते. पण काढलेल्या भागासोबत त्वचा नव्हती, त्यामुळे पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हेही शपथेवर सांगता येत नव्हते.

"अंदाज नको," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या भिंती घेऊ."

म्हणजे गाठ काढून जी पोकळी झाली होती, तिच्या प्रत्येक बाजूचा एक पातळ थर. वरचा, खालचा, आतला, बाहेरचा, मागचा, पुढचा. मॅडम एकेक थर काढून स्वतः दिशा उच्चारत होत्या. तो वेगळ्या डबीत जात होता. डबीवर नाव सिस्टर एस्तेर लिहीत होत्या. हे काम मॅडमनी त्यांनाच सांगितले. पहिल्या डबीवरचे अक्षर वाकडेतिकडे आले. शेवटच्या डबीपर्यंत अक्षर सरळ झाले होते. मग मॅडमनी उरलेला भाग आतून ओढून जुळवला, म्हणजे खळगा राहू नये, आणि रेडिएशनवाल्यांना जागा सापडावी म्हणून आत बारीक क्लिपा ठेवल्या.

चरबीचे असे पातळ थर घाईच्या तपासणीत नीट दिसत नाहीत. त्यांचा पक्का अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर कांताबाईंचा स्तन राहणार की जाणार, हे कुणालाच माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशीच्या राउंडला मॅडम कांताबाईंच्या खाटेशी थांबल्या. मोठ्या राउंडमध्ये मागे बरीच माणसे असतात. त्या सगळ्यांसमोर मॅडमनी स्टूल ओढले, बसल्या आणि काल एक चूक झाली म्हणून सांगितले. दोरा, शाई, दिशा, सगळे. माझ्या माहितीपत्रकात आहेत तेच शब्द त्यांनी वापरले.

"चूक कुनाची?" कांताबाईंनी विचारले.

"माझी. कापताना मी बघायला हवं होतं."

"मंग ही पोरगी का रडतीय?"

सिस्टर एस्तेर सर्वांच्या मागे उभ्या होत्या. चाळिशीच्या बाईला कुणी पोरगी म्हटल्याने त्यांना रडता रडता हसू आले. मंदाबाई मात्र चिडल्या. मी आधीच सांगत होते, सगळंच काढा, असे त्यांनी पुन्हा ऐकवले. कांताबाईंनी त्यांना थांबवले. आपल्या खानावळीतही भाजीत मीठ दोनदा पडते, पण आपण ते गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही, असे त्या म्हणाल्या. मग मॅडमना विचारले, "आता ऱ्हाईल का जाईल?"

"कडा स्वच्छ आल्या तर राहील. नाही आल्या तर पुन्हा ऑपरेशन. तेव्हा काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, मी सोबत बसेन."

कांताबाईंनी नंतर मला बाजूला बोलावून विचारले की मॅडमनी सांगितले ते सगळे खरे का. मी भिंतीशी उभी राहून जे पाहिले होते ते सांगितले. त्यात आणि मॅडमच्या सांगण्यात फरक एवढाच होता की मॅडमनी सिस्टर एस्तेर यांचे नाव कुठेही घेतले नव्हते.

त्याच आठवड्यात, पुढच्या ऑपरेशनच्या आधी, सिस्टर एस्तेर यांची बदली मागणारा अर्ज मॅडमकडे आला. तो अर्ज एस्तेर यांचाच होता. मॅडमनी त्यांना सांगितले की ही चूक ज्यांच्या हातून एकदा झाली आहे अशी माणसे मला टेबलाशी हवी आहेत. बाकीच्यांच्या हातून ती अजून व्हायची आहे. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. टाका घालणारे दिशा मोठ्याने म्हणतात, कापणारे तीच दिशा आणि "आखूड" किंवा "लांब" म्हणतात, आणि मगच कात्री चालते. बाहेरून ऐकणाऱ्याला आत शाळा भरली आहे असे वाटते. मॅडम इतर सर्जनांना शिकवतात तेव्हाही हा प्रसंग सांगतात, स्वतःच्या नावावर.

मॅडमना स्तुती सहन होत नाही. सोनईच्या आरोग्य शिबिरात एका पुढाऱ्यांनी त्यांना देवी म्हटले, तेव्हा त्यांनी माइक घेऊन, देवीला अहवालाची वाट पाहावी लागत नाही, मला लागते, असे उत्तर दिले आणि बायकांना स्वतःची तपासणी कशी करायची ते दाखवायला सुरुवात केली. पुढाऱ्यांना मंडपाबाहेर जावे लागले. मोमीन सरांशी त्यांचे भांडण फार जुने आहे. सरांच्या मते त्या गरजेपेक्षा जास्त डब्या पाठवतात. त्यांच्या मते सर गरजेपेक्षा जास्त वेळ घेतात. दोघांपैकी एकाचा चहा दुसऱ्याशिवाय होत नाही. मॅडम गाडी चालवत असल्या की शेजारी बसायला स्टाफमधले कुणी तयार नसते. हा लेखही छापण्याआधी त्या वाचणार आहेत आणि यातली विशेषणे खोडणार आहेत. म्हणून मी फारशी घातली नाहीत.

शुभेच्छा इथेच देते, कारण शेवट अहवालाचा आहे. मॅडम, तुमचा हात असाच स्थिर राहो. तुमच्या पाठीने आणि गुडघ्यांनी टेबलाशी उभे राहण्याची सवय आणखी पुष्कळ वर्षे सोडू नये. तुम्हाला झोप पुरेशी मिळो, चहा गरम मिळो, आणि पंचाहत्तरीच्या ग्रंथाला लेख मागायला संपादक पुन्हा माझ्याकडे येवोत. गाडी शक्यतो दुसऱ्या कुणाला चालवू द्या.

अहवाल मोमीन सरांनी फोनवर सांगितला नाही. ते जिना चढून वर आले. त्यांना जिना चढताना आम्ही सहसा पाहत नाही, त्यामुळे ओपीडीतले बोलणे थांबले. कांताबाई टाके दाखवायला आल्या होत्या आणि मंदाबाईंसह बाकावर बसल्या होत्या. सरांनी कागद मॅडमसमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. रोगाचा उरलेला अंश आतल्या भिंतीच्या थरात सापडला होता. अंदाज वरच्या भिंतीचा होता. तिथे काहीच नव्हते. आतल्या थराची नवी कड स्वच्छ होती. सगळ्या कडा स्वच्छ होत्या.

मॅडमनी ती ओळ वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुन्हा लावला आणि पुन्हा वाचली. सर म्हणाले, या वेळी डब्या बरोबर होत्या. मॅडमनी बाकावरच्या दोघींना आत बोलावले.

"कांताबाई, राहिलं."

कांताबाईंनी पदर नीट केला. मग हसल्या, आणि त्यांना हसू आवरेना. मॅडमनी पुढचे सगळे समजावले: रेडिएशन, औषधे, दर काही महिन्यांनी तपासणी, आणि यातले काहीही चुकवायचे नाही. कांताबाईंनी मान हलवली. मंदाबाईंनी डोळे पुसले आणि मॅडमना सांगितले, "मी तर पैल्यापासनं म्हनत हुते, राहू द्या म्हनून."

कांताबाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. मोमीन सर खिडकीकडे वळून खोकले. सिस्टर एस्तेर सगळ्यांसाठी चहा सांगायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या रस्त्यावरची खानावळ उघडली. मंदाबाई भाकरी थापत होत्या. कांताबाईंना उजवा हात जपायचा होता, म्हणून त्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि कुणाच्या ताटात काय कमी आहे ते तिथून ओरडून सांगत राहिल्या. हे मला मंदाबाईंनी फोनवर सांगितले, तक्रार म्हणून.