तात्यांचं घर आणि माझं घोडदळ

हसणार नसाल तर सांगतो. हसणार असाल तरी सांगतो, कारण माझ्या मित्रानं, मिलिंदनं, ही गोष्ट अर्ध्या हिंजवडीला आधीच सांगून ठेवलीय, आणि त्यात स्वतः शहाणा आणि मी बावळट. आता मी बावळट होतो हे खरंय, पण तो शहाणा कुठून आला? तेव्हा माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या आधी, गार होतोय.

तर मी मूळचा परभणीचा. नोकरी हिंजवडीत, खोली मुळशीतल्या भरे गावात. घरमालक म्हणजे तात्या आणि मावशी, साठीच्या पुढचे दोघं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. त्यांच्या घराला लागूनच माझी खोली. खिडकी उघडली की तात्यांची भातखाचरं, त्यापलीकडे ओढा, आणि ओढ्यापलीकडे टेकाड.

मावशींनी पहिल्याच आठवड्यात माझ्या ओट्यावर नूडल्सची रिकामी पाकिटं बघितली. त्या दिवसापासून संध्याकाळी दारावर थाप पडायची आणि फडक्यात बांधलेली गरम भाकरी हातात यायची. "जेवा, इंजिनेर. नुसता वारा खाऊन माणूस जगत न्हाई." घरापासून इतक्या लांब पडलेल्या माणसाला ती भाकरी काय असते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी त्या दोघांचा झालो होतो, एवढंच सांगतो.

आता माझा छंद. इथं सगळे हसतात, तुम्हीही हसून घ्या. मी, मिलिंद आणि निखिल, आम्ही तिघं टेबलावर लढाया खेळतो. बोटाच्या पेराएवढे सैनिक, हातानं रंगवलेले. टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं, फासे टाकायचे आणि टेपनं मोजून सैन्य पुढं सरकवायचं. वयं विचारू नका. माझ्या आईला अजून वाटतं की रविवारी मला ऑफिसचं काम असतं.

गेल्या वर्षी, भाताला लोंब्या धरल्या त्या सुमारास, माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, तेच ते मनानं केलेले डोंगर बास झाले. खिडकीतून समोर जे दिसतंय तेच रणांगण करायचं. मावळे आणि मोगलांची एक तुकडी, चकमक आपल्या मनाची, पण जमीन खरी. खाचरं, बांध, ओढा, टेकाड, सगळं मापात.

तुम्ही असतात तर तात्यांना आधी विचारलं असतं. बरोबर? मी विचारलं नाही. मला त्यांना चकित करायचं होतं.

मग मी काय काय केलं बघा. सकाळी ऑफिसच्या आधी टेप घेऊन बांध मोजला. ओढ्याचे फोटो काढले. टेकाडावर चढून घराचे, गोठ्याचे, आंब्याचे फोटो काढले. खाचराच्या कडेची माती पिशवीत भरली, टेबलावर चाळून पसरायला. तात्या गवत कापत होते. विळा थांबवून म्हणाले, "काय चाललंय, इंजिनेर?"

"काही नाही तात्या, सहज."

टेप लावून, माती पिशवीत भरून, सहज.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा किस्सा सांगत बसलो नसतो. शनिवारी मिलिंद आणि निखिल जागा बघायला आले. पांढरी गाडी, डोळ्यांवर गॉगल. आम्ही तिघं बांधावर उभे राहिलो. आमच्यात नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेला माणूस म्हणजे मिलिंद. तो हात लांब करून म्हणाला, "उतार झकास आहे. ओढ्यापर्यंत सगळं मोकळं मिळेल. फक्त ते घर काढावं लागेल, मध्ये येतंय."

मी म्हणालो, "घर काय, आत्ता काढू. त्याला काय लागतंय?"

गोठ्याच्या भिंतीआड मावशी शेण भरत होत्या, हे मला नंतर कळलं.

अहो, मुळशीत बांधावर उभा राहून बोट दाखवणारा गॉगलवाला म्हणजे कोण, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जमिनी घ्यायला असे लोक या रस्त्यानं सारखे येतात. आधी फोटो, मग माप, मग माती, मग गोड बोलणं. मला हे माहीत नव्हतं का? रोज डोळ्यांनी बघत होतो. पण माझ्या डोक्यात घोडे पळत होते, तिथं दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी भाकरी आली नाही. म्हटलं, मावशींना बरं नसेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तात्यांना राम राम घातला तर ते म्हशीशी बोलत राहिले. आणि मी, मोठा विचारवंत, निष्कर्ष काढला की माझ्या रंगाच्या फवाऱ्याचा वास त्यांच्या घरात जात असणार. त्यावर उपाय काय, तर पेढ्यांचा पुडा. घेतला आणि गेलो.

तात्या ओसरीवर बसले होते. पुड्याकडे त्यांनी अशा नजरेनं बघितलं, जणू त्यात साप असावा.

"हे कशापायी?"

"असंच, तात्या. तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला असेल तर माफ करा. आता थोडंच राहिलंय. रविवारी सगळं उरकतंय."

"रविवारी?"

"हो. तुम्ही आणि मावशी या ना. माझ्या खोलीतच आहे. सगळं मांडून ठेवतो, तुम्ही नुसतं बघायचं."

"आमी नुसतं बघायचं," तात्या म्हणाले.

"तुम्ही आल्याशिवाय मजा नाही, तात्या. शेवटी तुमचीच जमीन आहे."

आता मला सांगा, याहून वाईट वाक्य जगात कुणी बोललं असेल का? तात्यांनी पुडा माझ्याकडे सरकवला आणि आत निघून गेले. मी खोलीवर येऊन त्यातला एक पेढा खाल्ला आणि झाडं करायला बसलो. भांडी घासायच्या हिरव्या काथ्यांची झाडं फार छान होतात.

रविवार उजाडला. मिलिंद आणि निखिल सकाळीच हजर. टेबल असं जमलं होतं की मीच माझ्यावर खूश. खाचरांच्या पायऱ्या, रंगवलेल्या भुशाचं भात, काचेसारखा ओढा, आंबासुद्धा जागच्या जागी. तात्यांच्या ऐसपैस घराच्या जागी मात्र कोपऱ्यात बोटभर दगडी बुरूज, कारण मिलिंदच्या पुस्तकात त्या काळाला तेवढंच चालतं.

तात्या आले, मागून मावशी, आणि त्यांच्यामागून कोळवणहून खास बोलावून घेतलेला मावशींचा भाऊ, शंकरमामा. मामा दारातच थांबला. टेबलाकडे एकदा बघून म्हणाला, "हेच. आमच्या कोळवणला बी बिल्डरच्या हापिसात असंच मांडलं व्हतं. झाडं बी हीच."

तात्या टेबलाजवळ आले. ओढ्यावरून, बांधावरून बोट फिरवत आंब्यापाशी आले आणि बोट थांबलं.

"माजं घर कुटं हाय?"

मी किती उत्साहात असावं? "काढलं ना, तात्या. त्या काळात नव्हतंच. आणि घोडदळाला आडवं येत होतं."

मिलिंद हातात टेप घेऊन उभा होता, तो त्यानं हळूच पाठीमागं लपवला. मावशी खाटेच्या कडेला बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "पोरासारखं जेवू घातलं ह्याला," त्या म्हणाल्या. मला नाही, तात्यांना.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडायला सुरुवात झाली. आणि उजेड पडेपर्यंत तात्याच बोलले, अगदी हळू. "धाकट्या भावानं ओढ्याखालचं विकलं, तवा आमाला हापिसात नेऊन असंच टेबल दावलं व्हतं. त्यात तळं व्हतं. तळ्यात बदकं व्हती. आमच्या आईबापाचं घर तेवढं न्हवतं. आता तितं गेट हाय. वाचमन मला नाव इचारतुया." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खोली रिकामी करा, इंजिनेर. आमाला इकायचं न्हाई."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. समजावणार तरी काय, की मी दाढीमिशीचा माणूस बाहुल्यांशी खेळतो? शेवटी तेच सांगावं लागलं. मी कपाट उघडलं, खोके काढले आणि सगळं सैन्य मावशींच्या पुढ्यात खाटेवर ओतलं. म्हटलं, "मावशी, हा खेळ आहे. मी कुणाचा माणूस नाही. आम्ही तिघं सुट्टीच्या दिवशी हेच करतो. देवाशपथ."

शंकरमामानं एक मावळा उचलून उजेडात धरला. "हे तुमी रंगवता?"

"हो."

"कामाला जाता ना तुमी?"

"जातो."

"आन लगीन?"

"नाही झालं."

"व्हय," मामा म्हणाला, जणू सगळं समजलं.

मावशींनी डोळे पुसले आणि एक घोडेस्वार तळहातावर घेतला. "अगं बया, मिशा बी काढल्यात." त्यांना पहिल्यांदा हसू फुटलं. तात्या मात्र अजून त्या बुरुजाकडेच बघत होते.

मग मी दुसरं काही केलंच नाही. बुरूज उपटला, जमिनीवर बसलो आणि थर्मोकोल कापायला घेतला. मावशी वरून सांगत होत्या. ओसरी हिकडं, गोठा तिकडं, न्हाणी मागं, दारात तुळस. पत्र्याला निळा रंग दिला तेव्हा मिलिंदला राहवेना. "अरे, त्या काळात पत्रा नव्हता."

मावशी त्याला म्हणाल्या, "आन पाऊस आल्याव? ताम्हिणीचा पाऊस हाय बाबा ह्यो, तुज्या पुस्तकाला न्हाई कळायचा."

घर आंब्याशेजारी बसवलं. तात्यांनी वाकून बघितलं, बोटानं दार ओढ्याकडे वळवलं, आणि मग स्वतःच खुर्ची ओढून बसले. "हां. आता करा तुमची लढाई."

लढाई सुरू झाली. मावळे माझे, मोगल निखिलचे, आणि पंच मिलिंद. खरं सांगतो, मी जिंकत होतो. निखिलची फळी मोडली होती आणि माझं घोडदळ टेकाडाखाली ताजंतवानं उभं. सरळ खाचरांतून मुसंडी मारायची, एका डावात खेळ खलास. मी टेप लावला, पहिला घोडा उचलला.

"इंजिनेर," तात्या म्हणाले, "भात उभं हाय तितं."

मी घोडा हातात धरून त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. आणि समोर भुसा होता, तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, मीच तो रंगवला होता. पण माझा हात पुढं जाईना.

मी घोडदळ बांधावरून वळवलं. एकामागं एक, ओळीनं, सावकाश.

मिलिंद ओरडला, "काय करतोयस? भुसा आहे तो." निखिलनं तेवढ्यात फळी पुन्हा उभी केली, माझे घोडे बांधावर अडकले आणि तासाभरात सगळं संपलं. मुळशीत बसून, मावळ्यांच्या बाजूनं लढून, तात्यांच्या डोळ्यांदेखत मी मोगलांकडून सपाटून मार खाल्ला. निखिलचं निशाण टेकाडावर लागलं. माझे सगळे आडवे.

मावशींनी हळूच विचारलं, "मग खोली रिकामी करायची का त्यांनी?"

तात्यांनी माझ्या पडलेल्या सैन्याकडे एकदा नीट बघितलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला. भाकरी टाक जा. टेबलावरची जमीन घेववंना गड्याला, खरी कुटनं घेतुया?"